कामाचा राग कुणावर?

नाम घेत घेत काम करावे, हे आपण वारकरी मंडळी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कीर्तनकार बुवा सावता महाराजांचा अरणचा मळा उभा करतात, तेरला चिखल तुडवणारे गोरोबाकाका उभे करतात, पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी दळणारी जनाई उभी करतात, आणि आपण माना डोलावतो. घरी जाताना मनात येते, आपलेही काम असेच व्हावे. हात कामात, मुख नामात.

आता माझा प्रश्न ऐका. काम नीट चालले असताना नाम घेणे फारसे अवघड नाही. पोळ्या लाटताना, केर काढताना, मळ्याला पाणी देताना हाताला एक लय सापडलेली असते आणि त्या लयीवर नाम आपोआप बसते. पण काम अडले की काय होते? नळाचा वायसर बदलायला घेतला आणि जुना नट गंजून जागेवरच बसला आहे. मोरी तुंबली, तार घातली, आणि तारच आत अडकली. गाडीचे चाक बदलायचे आहे, पाण्यावर उभे राहून जोर दिला तरी नट हलत नाही. किंवा हलला, पण आटा घेऊन गेला. अशा वेळी मुखात काय येते, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे. इथे छापण्यासारखे ते नसते.

संतकथांतून बिघडलेले काम फारसे दिसत नाही. सावतोबांची मोट मध्येच तुटली आणि त्यांनी तीन तास ती शिवली, असे कुणी सांगत नाही. नरहरी सोनारांचा करगोटा तेवढा चुकला, त्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. विठ्ठलमूर्तीसाठी केलेला दागिना कधी सैल, कधी घट्ट. डोळ्याला पट्टी बांधून घेतलेले माप आणि हाताला लागलेली वेगळीच मूर्ती. पण तिथे प्रश्न शैव-वैष्णवांच्या भेदाचा आहे आणि तो सुटतोही सुंदर. आपल्या रविवारच्या दुरुस्तीतून असा काही साक्षात्कार बाहेर पडत नाही. तिथून बाहेर पडतो तो राग.

या रागाकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे, हे आधीच सांगतो. कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्याला रविवार म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. सहा दिवस सकाळची लोकल, परतताना पुन्हा तीच गर्दी. घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ-नऊ. आठवडाभर घरात जे जे बिघडते ते रविवारची वाट पाहत बसते. गीझर, पंखा, दाराची कडी, स्कूटर, गाडी. शिवाय काही भागांत पाणी यायचे ते पहाटे, ठरलेल्या वेळेला, आणि शनिवारी रात्री वाटलेले असते की उद्या जरा उशिरापर्यंत झोपू. अशा माणसाच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी एक गंजलेला बोल्ट दोन तास खातो, तेव्हा त्याला तो बोल्ट चोर वाटला तर नवल नाही.

मध्य रेल्वेच्या याच गाड्यांत आपल्या भजनी मंडळांचे डबे असतात. झांजा, टाळ, कुठे ढोलकी. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या गाडीत हरिनाम ऐकत ठाणे कधी आले ते कळत नाही. त्याच गाडीत महिलांच्या डब्यात संध्याकाळी वेगळे दृश्य असते. मांडीवर पिशवी पसरून कुणी मटार सोलते, कुणी मेथी निवडते, गवारीच्या शेंगा मोडते. घरी पोचल्यावर लगेच फोडणी टाकता यावी म्हणून. दोन्ही डबे कल्याणला एकाच वेळी पोचतात. मी भजनाच्या डब्यातला माणूस आहे, तरी त्या दुसऱ्या डब्याची आठवण ठेवूनच पुढचे लिहितो आहे.

गाडीचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण आपल्या भागाचा गाड्यांशी जुना संबंध आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर ३०९ ही गाडी तयार होऊ लागली आणि काही वर्षांतच ते काम थांबले. आज लोकांच्या तोंडी ‘प्रीमियर मैदान’ हे नाव तेवढे राहिले आहे. याच प्रीमियरची पद्मिनी कुर्ल्याला तयार होई. आधी ती फियाट ११००, मग १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती इतकी मुरली की २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी घरचे माणूस गेल्यासारखे लिहिले.

ज्यांच्या घरी पद्मिनी होती त्यांना आठवेल, ती गाडी चालवणे आणि ती दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. पावसाळ्यात सकाळी ती सुरू होत नसे. चोक ओढायचा, प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, डिस्ट्रिब्युटरचे झाकण कोरड्या फडक्याने पुसायचे, पॉइंट पाहायचे, कार्बोरेटरमध्ये फुंकर मारायची. डिकीत पाने, पक्कड, एक जादा फॅनबेल्ट आणि पाण्याची बाटली. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा. हात काळे होत, पण काय बिघडले ते बहुधा डोळ्यांना दिसे. आताच्या गाडीत बिघाडच कमी, हे मान्य. पण जो होतो तो दिसत नाही, आणि दिसला तरी तिथे हात पोचत नाही.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ आमच्याच हरिपाठाला येतात. माळकरी आहेत, मृदंगाला चांगला हात आहे. आषाढी तोंडावर आली होती, पाऊस लागलेला, आणि त्यांच्या गाडीचा एका बाजूचा पुढचा दिवा गेला. बल्बची किंमत काही फार नसते. पण तो बदलायचा म्हणजे दिव्याच्या मागे, बॅटरी आणि पत्र्याच्या मधल्या फटीतून हात घालायचा. आधी वायरचा चिमटा ओढून काढायचा, मग रबराची टोपी, मग तारेची एक स्प्रिंग असते ती दाबून बाजूला सरकवायची. हे सगळे न पाहता, बोटांच्या चाचपणीने. नवा बल्ब एकाच बाजूने बसतो, त्याचे कान खाचेत गेले पाहिजेत. आणि काचेला बोट लागता कामा नये. बोटाचे तेल काचेला लागले तर बल्ब तापून लवकर जातो.

त्यांचा मुलगा सातवी-आठवीतला. तो मोबाइलची बत्ती धरून शेजारी उभा. मी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होतो, म्हणून सगळे पाहिले. पहिल्यांदा, “जरा इकडे धर.” मग, “अरे, नीट धर.” मग, “नीट धर म्हणतो ना, लक्ष कुठे आहे तुझं?” स्प्रिंग सुटून खाली बंपरच्या आत पडली. बोटाचे सालपट निघाले. आणि मग मुलाला असे काही बोलले गेले की मी पेपर वर धरला. मुलगा बत्ती नीटच धरत होता हो. बत्ती आणि बल्ब यांच्या मध्ये येत होता तो बापाचाच हात. त्या फटीत हात गेला की उजेड अडणारच. दुसऱ्या कुणी, कुठूनही बत्ती धरली असती तरी.

पाऊण तासाने दिवा लागला. “बघ रे, लागला!” म्हणून त्यांनी वळून पाहिले तर मोबाइल बॉनेटवर ठेवलेला आणि पोरगा वर निघून गेलेला. बाकीचे शेजारी मात्र जमले होते. “वा काका, घरच्या घरी केलंत!”

मला विचारायचे आहे ते या घटनेबद्दल. कुणी म्हणेल, अहो, एवढ्या तेवढ्याचे काय घेऊन बसलात? राग आला, गेला. माणसावर नव्हता, वस्तूवर होता. वस्तूवर रागावल्याने कुणाचे काय बिघडते? पाना जमिनीवर आपटला तर पान्याला दुखत नाही.

हे म्हणणे मी बरेच दिवस मनात घोळवले आणि मला ते पटलेले नाही. वस्तूवरचा राग वस्तूवर थांबत नाही, हे त्याचे पहिले कारण. बोल्टवर रागावून बोल्ट काही ऐकत नाही. तो उलट बोलत नाही, घाबरत नाही, रडत नाही. रागाला कुणीतरी ऐकणारे लागते. मग तो आजूबाजूला पाहतो, आणि सगळ्यांत जवळ कोण असते? जो मदतीला आलेला असतो तो. बत्ती धरणारा, पाना हातात देणारी, स्टूल घट्ट धरून उभी राहणारी. जो लांब खुर्चीत पेपर वाचत बसला त्याला काही ऐकावे लागत नाही. मदतीला न येणारा सुखरूप आणि येणारा बोलणी खातो, असा हा उलटा न्याय आपल्या घराघरांत रोज चालतो.

दुसरे कारण माळेचे आहे. माळ घातली की मद्य-मांस सुटते आणि ते सुटल्याचे सगळ्या गावाला दिसते. वारी चुकत नाही, एकादशी चुकत नाही, हेही दिसते. राग सुटला की नाही ते फक्त घरातल्यांना दिसते. बाहेर आपण बरे असतो. साहेबावर रागावत नाही, रिक्षावाल्याशी फार तर एक शब्द. भजनात तर नम्रतेचा पुतळा. नाथ महाराजांची कथा आपण किती रंगून सांगतो: पैठणला गोदावरीचे स्नान करून येताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकतो, ते पुन्हा स्नानाला जातात, तो पुन्हा थुंकतो, असे १०८ वेळा झाले म्हणतात, आणि तरी नाथ रागावले नाहीत. तो मनुष्य तरी मुद्दाम छळत होता. स्प्रिंग मुद्दाम सुटत नाही. तिला आपण कोण हेही ठाऊक नाही. तिच्याइतका निरपराध कुणी नसेल, आणि आपल्याला ती तीनदा सुटलेली सोसत नाही.

का सोसत नाही? माझ्या मते त्याचे मूळ त्या कामाकडे आपण कसे पाहतो त्यात आहे. हे काम ‘मध्येच आलेले’ असते. आपले खरे आयुष्य दुसरीकडे कुठेतरी चालू आहे, ऑफिसात म्हणा, भजनात म्हणा, सोफ्यावर म्हणा, आणि या मेल्या वायसरने आपल्याला तिथून ओढून आणले, अशी समजूत असते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी स्वकर्मालाच पूजेची जागा दिली आहे. ते आपण वाचतो आणि ‘स्वकर्म’ म्हणजे नोकरी-धंदा, असा अर्थ लावून मोकळे होतो. गळका नळ कुणाचे स्वकर्म? तुंबलेली मोरी कुणाच्या वाट्याची? हा प्रश्न आपण पारायणाला कधी विचारत नाही. घरी मात्र त्याचे उत्तर न विचारता ठरलेले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कामात नाम घ्या म्हणजे कामावरचे लक्ष काढून नामात ठेवा, असा अर्थ नाही. गोरोबाकाकांची कथा आपण भक्तीच्या तन्मयतेची म्हणून सांगतो: चिखल तुडवताना देहभान गेले, रांगत आलेले लेकरू पायाखाली आले आणि कळलेच नाही. पुढे पांडुरंगाने ते परत दिले, म्हणून कीर्तनात आपण डोळे पुसतो. पण त्याच कथेत त्यांची पत्नी आहे, तिचा आक्रोश आहे, तिचा संताप आहे, आणि कथा सांगणाऱ्या जुन्या लोकांनी तो झाकलेला नाही. मला ती कथा ऐकताना दर वेळी धडकी भरते. गाडी जॅकवर चढवली असेल तर चाकामागे दगड लावला आहे का, हँडब्रेक ओढला आहे का, जॅक सपाट जमिनीवर आहे का, हे पाहिलेच पाहिजे, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. नामाला मुख पुरते. डोळे आणि हात कामाला लागतात, ते कामाला द्यावेत.

आता जनाईकडे येतो, कारण खरे सांगायचे ते तिथे आहे.

जनाबाई मूळच्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहान वयात पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आल्या, आणि नामदेवरायांच्या घरातल्या दासी म्हणून राहिल्या. त्यांच्या नावावर तीनशेच्या वर अभंग आहेत, आणि त्यांत घरकाम ठायी ठायी आहे. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, धुणे, शेणी वेचणे. एवढे घरकाम अभंगात आणणारे दुसरे संत मला आठवत नाहीत.

या कामांचा एक स्वभाव आहे, तो दुरुस्तीच्या कामापेक्षा वेगळा. दुरुस्ती संपते. दिवा लागला, शेजारी वा वा म्हणाले, हात धुतले, चहा मिळाला. पुढे चार महिने सांगायला गोष्ट झाली. केर संपत नाही. सकाळी काढला, संध्याकाळी आहेच. भांडी घासून पालथी घातली की रात्री पुन्हा तितकीच. घासलेली भांडी पाहून कुणी “वा काकू, घरच्या घरी केलंत!” म्हणत नाही. ही कामे केलेली दिसत नाहीत. राहिली तरच दिसतात. घरातल्या पुरुषाने वर्षातून दोनदा बल्ब बदलला तर ते काम, आणि बाईने दिवसातून दोनदा ओटा पुसला तर ते काय? त्याला आपल्याकडे नावच नाही.

म्हणून जनाईची कथा फार जपून सांगायला हवी. मी ती अनेकदा अशा सुरात ऐकली आहे: पाहा, जनाबाई एवढे कष्ट करत होती पण कधी कुरकुरली नाही, मुखी सतत नाम. समोर बायका बसलेल्या असतात. सांगणारा पुरुष असतो, ऐकणारे निम्मे पुरुष असतात, आणि सगळ्या पुरुषांना वाटते की हा उपदेश त्या बाजूला बसलेल्यांसाठी आहे. सासूला वाटते सुनेसाठी आहे. ज्याच्या त्याच्या मनात जनाबाई व्हायला दुसरे कुणीतरी ठरलेले असते.

पण त्या कथेत दोघे आहेत. जनाई आहे आणि तिच्यासमोर येऊन बसलेला पांडुरंग आहे. आपण त्या कथेतून काही घ्यायचे असेल, तर आधी त्या दुसऱ्याकडे पाहू या. देव आला. तो सर्वसमर्थ. त्याने मनात आणले असते तर ते दळण एका क्षणात झाले असते, घरातले धान्य कायमचे पीठ झाले असते. तसे काही त्याने केले नाही. त्याने जनाईला उपदेशही केला नाही की, बाई गं, कामात माझे नाम घे म्हणजे थकवा येणार नाही. तो जात्याशी बसला आणि खुंटा धरला.

ज्यांनी जात्यावर दळले आहे त्यांना यातले मर्म लवकर कळेल. आता दळण चक्कीवर जाते, डबा नेऊन ठेवला की संध्याकाळी पीठ आणायचे. पण साठी ओलांडलेल्या कितीतरी माउलींनी जाते ओढलेले आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरते, तिला लाकडी खुंटा. एकटीने ओढायचे म्हणजे पूर्ण वेढा एकाच खांद्यावर. समोर दुसरी बसली की एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, जाते हलके होते. एक जण वैरण घालते तेव्हा दुसरी वेग राखते, फिरणे थांबत नाही. म्हणून तर ओव्या दोघींच्या असत. आणि हेही लक्षात ठेवा की जाते काही कायम नीट चालत नसे. दगड गुळगुळीत झाला की भरड पडायची, मग पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. बिघडणे जनाईच्या घरीही होतेच.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, वारी करणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. तिथे जनाबाईचे जाते दाखवतात. रांगेतून पुढे सरकत आपण त्याला हात लावतो, हात कपाळी नेतो. इतक्या दिवसांच्या चालण्यानंतर पाय भरून आलेले असतात आणि मन अगदी ओले झालेले असते. मी पाहिले आहे, बहुतेक जण नमस्कार करतात तो जनाईला. तो योग्यच आहे. पण त्या जात्यासमोर दुसरी एक बसायची जागा होती, तिकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही.

त्या पार्किंगमधल्या मुलाकडे मी आता असा पाहतो. रविवारची सकाळ सोडून, खेळायला जायचे सोडून तो बापाच्या कामाला आला होता. त्याला पाना धरता येत नव्हता, बल्ब बसवता येत नव्हता. त्याने जे धरता येईल ते धरले. जात्याचा दुसरा हात तो हाच. कथेत अशा जागी बसणाऱ्याला आपण देव म्हणतो. घरी त्याला म्हणतो, लक्ष कुठे आहे तुझं.

वारीत आपण असे वागत नाही, हे विशेष. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो. दिवे घाट चढताना एखादा ट्रक बंद पडतो, पावसाची रिपरिप, मागे गाड्यांची रांग. दिंडीतली माणसे उतरून ढकलतात, कुणी चाकाखाली दगड सरकवतो, कुणी नुसताच छत्री धरून उभा राहतो. तंबूचा खुंट ओल्या मातीत धरत नाही, दोरी सुटते, ती पुन्हा बांधायची. तव्यावरच्या भाकरीला धूर लागतो. कामे तिथेही अडतातच. पण तिथे प्रत्येक जण समोरच्याला माउली म्हणत असतो. “माउली, जरा पाना द्या.” “माउली, सरका थोडे.” कुणाचा चुकून पाय लागला तर दोघेही वाकतात. ज्याला माउली म्हणून हाक मारली त्याला पुढच्या वाक्यात शिवी देणे जिभेला जड जाते. आळंदी ते पंढरपूर जवळपास तीन आठवडे आपण अनोळखी माणसांना ही हाक देतो. घरी आल्यावर पोराला, बायकोला, म्हाताऱ्या वडिलांना काय हाक देतो?

यावर एक जण मला म्हणाले, “म्हणजे आता घरात बायकोला ‘माउली, पक्कड द्या’ म्हणायचं का?” सगळे हसले. मीही हसलो. हसण्यासारखे का आहे, हे मात्र मला नंतर बराच वेळ सांगता आले नाही.

गाडगेबाबांचे स्मरण या ठिकाणी होते. १८७६ साली जन्मलेला हा महापुरुष गावात आला की आधी झाडू हाती घेई. दिवसभर गाव झाडायचा, रात्री कीर्तन. ‘मध्येच आलेले’ काम म्हणून त्यांनी झाडूकडे कधी पाहिले नाही, आणि कीर्तन आहे म्हणून झाडणे दुसऱ्या कुणावर सोपवलेही नाही.

मिस्त्रीला बोलवावे की स्वतः करावे, यावर मी फार बोलत नाही. ज्याला जमते त्याने करावे, न जमेल त्याने बोलवावे. पैसे वाचवण्यासाठी घरी करायला घेणे यात गैर काही नाही, पण वाचलेल्या पैशांची किंमत घरातले कोण चुकते करते आहे, ते पाहावे. आणि मिस्त्री आला तर त्याच्या डोक्यावर उभे राहून “किती वेळ लागेल, किती वेळ लागेल” करू नये. त्याचाही बोल्ट गंजलेलाच असतो.

राहता राहिला प्रश्न की रागावलेल्याला सांगायचे कुणी? घरात ते फार अवघड असते. त्या क्षणी सांगितले तर भडका उडतो, नंतर सांगितले तर “झालं ते झालं, आता कशाला उकरून काढतेस?” आपल्या संप्रदायाने याचे एक उदाहरण जपून ठेवले आहे. ज्ञानोबाराय एकदा लोकांच्या बोलण्याने उद्विग्न होऊन झोपडीची ताटी लावून बसले. बाहेर उभी राहिली ती धाकटी बहीण. चार भावंडांत सगळ्यांत लहान. मुक्ताईचे ताटीचे अभंग त्या बंद दारापाशी झाले. मोठ्या भावाला, ज्याला पुढे सगळा महाराष्ट्र माउली म्हणणार होता त्याला, तिने समजावले आणि त्याने दार उघडले. लहानाने मोठ्याला सांगावे आणि मोठ्याने ते ऐकावे, हे आपल्याकडे इतके जुने आहे. तरी कितीतरी घरांत मुलगा वर निघून जातो आणि मोबाइल बॉनेटवर राहतो. तो काही बोलत नाही. पुढच्या रविवारी बोलावले तर अभ्यास आहे म्हणतो.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही आणि विचारणे मला शोभणार नाही. मृदंग ते अजूनही सुरेख वाजवतात.

आमच्या मंडळातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. आषाढीला ज्यांना पंढरपूरला जाता येत नाही ती मंडळी शहाडच्या बिर्ला मंदिरात विठुरायाच्या दर्शनाला जातात. तिथली रांग लांब असते. परत आल्यावर सोसायटीत भजन, मग फराळ. उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघर थंड असायला हवे, पण तसे होत नाही. साबुदाणा भिजवा, भगर करा, दाण्याची आमटी करा, रताळी उकडा. नेहमीचा स्वयंपाक परवडला, असे बायका म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. भजन रंगात आले की स्वयंपाकघरातून टाळ्यांच्या ऐवजी भांड्यांचा आवाज येतो. गेल्या वर्षी एक आजी, वय पंच्याहत्तरच्या पुढे, फराळ झाल्यावर पुरुषांच्या बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, “बुवा, जनाबाईची गोष्ट छान सांगितलीत. आता पांडुरंगापैकी कोण कोण येतंय भांडी घासायला?”

बुवा क्षणभर थांबले. मग त्यांनी उपरणे खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवले आणि बाह्या वर केल्या. मागोमाग आम्ही पाच-सहा जण गेलो. भगरीची कढई तळाला लागली होती, ती काही केल्या निघेना. शेवटी गरम पाणी घालून ती रात्रभर तशीच ठेवली.